उघड्या तोंडाचं बोलणं

मला आत घेतलं नाही. दाराशी बसलेली बाई म्हणाली, "पेशंट आणि बरोबर एकच जण."

"मग मीच जातो की," मी म्हणालो.

"आप्पा, तुमी बसा," वंदी म्हणाली. "डॉक्टर मधनंच इंग्रजीत बोलत्यात. मला कळंल तरी. तुमी ही पिशवी धरा."

वंदना ही माझी मुलगी. जयसिंगपूरला दिलेली, चार बुकं शिकलेली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी पिशवी घेऊन बाकावर बसलो. शालन, माझी बायको, आत जाताना एकदा मागं वळून बघून गेली.

मिरजेतला तो दवाखाना नवीन बांधलेला होता. डॉक्टरच्या खोलीचं दार खाली लाकडाचं आणि वर काचेचं. आतला आवाज बाहेर अजिबात येत नव्हता. डॉक्टरची पाठ माझ्याकडं होती. त्याच्यासमोर दोन खुर्च्या. वंदी दारासमोरच्या खुर्चीत बसली, शालन कडेला, कपाटाच्या आड. मला तिचा नुसता गुडघा दिसत होता.

जरा वेळानं शालन उठली. वंदीला हातानं उठवलं, वर पंख्याकडं बोट केलं आणि वंदीच्या खुर्चीत येऊन बसली. उकडत असेल, असं मला वाटलं. खांद्यावरचा पदर ओढून तिनं कमरेला खोचला. आता ती बरोबर माझ्यासमोर होती, मधे डॉक्टरचा खांदा आणि काच.

इथं एक सांगायला पाहिजे. मी इचलकरंजीत जन्मभर माग चालवला. यंत्रमागाच्या शेडमधे कधी गेला असाल तर तिथला खडखडाट तुम्हाला माहीत असेल. कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही कोण ओरडत नाही. तोंड नीट हलवून बोलतो आणि समोरचा बघून ओळखतो. नवीन माणसाला सहा-आठ महिन्यांत जमतं. शालन लग्न होऊन आली आणि त्याच शेडमधे कांड्या भरायला लागली. धोट्यात, म्हणजे मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची कांडी घालावी लागते, त्या भरायचं काम बायकांकडं. तिचं मशीन त्या कोपऱ्यात, माझे माग ह्या कडेला. आमचं घर म्हणजे एक खोली. त्यात माझी आई, दोन भाऊ, नंतर एक भावजय. नवराबायकोनं घरात बोलायचं काय आणि कधी? आमचं जे काय बोलणं झालं ते त्या खडखडाटात झालं. आईनं तिला टोचून बोललेलं, पोटात बाळ राहिलेलं, सगळं मला तिथं कळलं. ती सगळ्या शेडच्या देखत सांगायची आणि कुणाला ऐकू जायचं नाही.

तर सवयीनं माझी नजर तिच्या तोंडावर गेली.

ती डॉक्टरला म्हणत होती, "लिव्हरात बी?"

डॉक्टरनं काय सांगितलं ते कळायचा मार्ग नव्हता. मला त्याचं टक्कलच दिसत होतं.

"कापून काढता येत न्हाई म्हंजे मग काय ऱ्हायलं?" शालन म्हणाली. मग थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "दिवाळी बघीन का मी?"

वंदीनं तोंडाला रुमाल लावला.

"बरं," शालन म्हणाली. दुकानदारानं साखर संपली म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तसं. नंतर ती वंदीकडं वळली नाही, समोरच बघत होती, पण बोलली ते वंदीला. "त्यास्नी कुणी सांगायचं न्हाई. आईची आण हाय तुला. त्यास्नी पेलायचं न्हाई."

मी तोंड फिरवलं. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावरच्या धबधब्याकडं बघत बसलो. मांडीवर पिशवी होती, तिच्यात तिनं सकाळी बांधलेली चटणी-भाकरी होती. माझ्यासाठी बांधलेली.

दोघी बाहेर आल्या. वंदीचे डोळे लाल होते, पण तिनं हसून दाखवलं. "काय न्हाई, आप्पा. पोटाला सूज हाय. गोळ्या दिल्यात. तिखट बंद करायचं."

मी शालनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. 

"बरं झालं," मी म्हणालो आणि एस.टी. स्टँडकडं चालायला लागलो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला एक संधी दिली, असं मला तेव्हा वाटलं. वंदी नळावर गेली होती. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला गं?"

ती पाटावर बसून लसूण सोलत होती. वर बघून म्हणाली, "वंदीनं सांगितलं की तुमास्नी."

"तू सांग."

"मी आनि काय निराळं सांगू?" ती म्हणाली आणि परत लसूण सोलायला लागली.

झालं. मला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. ज्या बाईनं उभ्या जन्मात माझ्यापासून चार आणे लपवले नाहीत, ती मरणार होती आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आणि वर काय, तर म्हणे मला पेलायचं नाही.

ते का म्हणाली, ते मला कळत होतं. माझा धाकटा भाऊ श्रीकांत मागाला चिकटून शॉक लागून गेला तेव्हा मी कितीतरी महिने घरात बसून होतो. कामावर गेलो नाही, दाढी केली नाही. शालननं दोन पाळ्या कांड्या भरून घर चालवलं. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं, विसरली असेल. आता कळलं, मनात धरून होती.

मी बोलणं कमी केलं. भांडलो नाही. जेवायला वाढलं की जेवायचो, विचारलं की हो-नाही सांगायचो. ती बोलायला लागली की मी पेपर उघडायचो. वंदी सासरचं बघून आठवड्यातनं तीन-चार दिवस यायची. तिला वाटायचं, आप्पांना काहीच माहीत नाही म्हणून असे आहेत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आईशी जरा गोड बोला की. तिचं पोट दुखतंय."

"गोळ्या दिल्यात न्हवं?" मी म्हणालो.

ती खाली बघून आत गेली.

मग शालनचा भाऊ सदाशिव आला. एरवी गणपतीला तोंड दाखवणारा माणूस, तो मोसंबी घेऊन कुरुंदवाडहून मुद्दाम आला. मी परसातनं आत आलो आणि दोघांचं बोलणं तिथंच थांबलं. सदाशिव घसा साफ करून म्हणाला, "काय भावजी, पाऊस लई झाला न्हाई का औंदा?"

"आमच्याकडं तेवढाच झाला," मी म्हणालो. "पावसाचं सांगायला एवढ्या लांबनं आलासा व्हय?"

शालननं माझ्याकडं बघितलं. ती मेव्हण्याला मारलेली चपराक कुणासाठी होती ते तिला कळलं. ती म्हणाली, "सदा, तू चहा घे. त्यांचं सोड. त्यास्नी हल्ली काय दिसत न्हाई."

तेव्हा मला वाटलं, डोळ्यांवरून टोमणा मारतेय. डोळे अधू झाले म्हणून तर मी माग सोडला होता. जवळचं सूत दिसेनासं झालं होतं, लांबचं सगळं दिसत होतं. मी चप्पल घालून बाहेर गेलो.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "चला की, एकदा कारखान्यात जाऊन येऊ."

"कशाला?"

"असंच. लई दिस झालं. फुला भेटंल, रसूलभाई भेटतील."

"त्यास्नी घरी बोलव की. येतील मोसंबी घेऊन."

 दोन दिवसांनी परत म्हणाली, "अवो, मला एकदा न्या तिथं. माझ्यानं एकटीनं चालवत न्हाई आता."

"तिथं काय ठेवलंय? उडणारं सुताचं तूस खायाला जायाचं?" मी म्हणालो.

तिसऱ्यांदा तिनं म्हटलं नाही.

मीच गेलो, एकटा. घरात बसवत नव्हतं म्हणून गेलो. रसूलभाई आमच्या शेडचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. माझ्या बरोबरीचा. त्याच्याजवळ बसून तंबाखू खावी, कुणाशी काही बोलू नये, एवढंच मनात होतं. दुपारची पाळी नुकतीच लागली होती. दारात पाय ठेवला आणि तो खडखडाट अंगावर आला. खरं सांगतो, बरं वाटलं.

कोपऱ्यात शालनच्या जुन्या मशीनवर एक नवीन पोरगी होती आणि शेजारी फुलाबाई. फुलाबाई शालनची जिवाची मैत्रीण, दोघी वीस-पंचवीस वर्षं शेजारी शेजारी कांड्या भरत बसलेल्या. ती पोरीला काहीतरी सांगत होती. मला बघितलं आणि चटकन पदर वर ओढून तोंडावर धरला. पोरीनं ओढणी धरली.

आमच्या शेडचा हा एक रिवाज आहे. बायका सुताचं तूस नाकात जाऊ नये म्हणून पदर नाकावर घेतात. पण बोलायचं असलं की तो खाली ओढून कमरेला खोचतात. तोंड उघडं म्हणजे बोलणं उघडं. कुणीही बघावं. कुणाला कळू द्यायचं नसलं की पदर तोंडावर धरून एकमेकींच्या कानाला लागायचं. गडी माणसं मिशीवर हात धरतात. झाकलेलं बोलणं काय होतं म्हणून कुणी विचारत नाही, आणि उघड्या तोंडानं बोललेलं दुसऱ्यानं चोरून ऐकलं, असं कुणी म्हणत नाही.

म्हणजे इथंही माहीत होतं. मी तरातरा फुलाबाईसमोर गेलो आणि म्हणालो, "पदर काढ. काय बोलत होतीस?"

तिनं मान हलवली.

"शालनचंच न्हवं? मला ठाव हाय. सगळं ठाव हाय. काढ पदर."

फुलाबाईनं पदर खाली घेतला. तिचे डोळे भरलेले होते, पण तोंड रागावलेलं होतं. ती म्हणाली, "ठाव असायचंच. तिनं सांगितलंय तुमास्नी."

"मला कुणी काय सांगितलं न्हाई."

"दाजी, लबाड बोलू नगा. तिनं मिरजेत सांगितलं. काचेतनं."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. बघायला चुकलो असेन म्हणून म्हणालो, "परत बोल."

"काचेतनं सांगितलं," ती एकेक शब्द मोठा करून म्हणाली. "मला म्हणाली, फुला, वंदीला उठवून मी समोर बसले, पदर खोचला आणि सगळं विचारून घेतलं डॉक्टरास्नी, त्यांच्या म्होरं. आनि शेवटाला त्यास्नी विचारलं, कळलं न्हवं? तर त्यांनी तोंड फिरवलं."

तो शेवटचा प्रश्न मी बघितलाच नव्हता, त्याआधीच कॅलेंडरकडं वळलो होतो. पण शेडमधे तोंड फिरवणं म्हणजे काय, ते मला फुलाबाईला विचारायची गरज नव्हती. भांडणात माणूस तोंड फिरवतो तेव्हा बोलणं तुटतं. समोरचा कितीही बोलला तरी पोचत नाही. मला ऐकायचं नाही, असं सांगायची आमची तीच रीत.

"मी तुमच्या घरला गेले तवा लई रडली," फुलाबाई म्हणाली. "म्हणाली, आयुष्यभर ज्यानं माझं बोलणं बघितलं, त्यानं मरणाच्या बोलण्याला पाठ केली."

एवढ्या दिवसांचा माझा राग होता. तो खाली ठेवायला मला जागा सापडेना. मला फसवलं म्हणून मी घरात फुगून बसलो होतो, आणि त्याच घरात, त्याच चुलीपाशी, तीही मनात मला तेच म्हणत होती. एकाच ताटातलं दोघं जेवत होतो.

मी रिक्षा घेऊनच घरी गेलो. शालन भिंतीला टेकून बसली होती. वंदी भाकऱ्या थापत होती.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"कारखान्यात."

"आता?" वंदी म्हणाली. "आप्पा, तिला उभं ऱ्हायाला होत न्हाई आनि तुमी—"

"वंदे, तू भाकऱ्या कर," शालन म्हणाली. भिंतीला धरून उठली, पातळ सारखं केलं. आम्ही रिक्षात बसलो. रस्त्यात खड्डा आला की ती माझं मनगट धरायची आणि खड्डा गेला की सोडायची.

शेडमधे तिला बघून सगळ्यांनी हात वर केले. रसूलभाईनं स्वतःचं स्टूल आणून तिच्या जुन्या मशीनपाशी ठेवलं. फुलाबाई पोरीला घेऊन बाजूला झाली. मी माझ्या जुन्या जागी, मागाजवळ जाऊन उभा राहिलो. शालन बसली, दम घेतला, पदराला हात घातला.

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. अशी शांतता झाली की रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायला लागला.

"वैनी, तुमी आला आनि लाईट घालवली," रसूलभाई म्हणाला. सगळे हसले. शालनही हसली. "मालकाचं नुकसान केलं बघा," ती म्हणाली.

 ती कोपऱ्यात, मी इकडं, मधे थांबलेले माग आणि दहा-बारा माणसं. सगळ्यांना सगळं माहीत. सगळे आमच्याकडं न बघता बसलेले. कुणी विडी पेटवली, कुणी मान वळवून जाळ्यांकडं बघत होतं. मला वाटलं, जावं जवळ आणि सांगावं. पण त्या शांततेत आमचं बोलणं सगळ्या शेडला ऐकू गेलं असतं. तिनं एकदा माझ्याकडं बघून हात हलवला. थांबा, असं. आम्ही दोघंही लाईट यायची वाट बघत बसलो. देवळात दार उघडायची वाट बघतात तसं.

लाईट आली. पहिला माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी शेड. शालननं पदर कमरेला खोचला.

"आलासा शेवटी," ती म्हणाली.

"तू बोलवलंस तवाच यायाला पाहिजे होतं."

"तवा काय झालं होतं?"

"मला वाटलं, तू माझ्यापासून लपवलंस."

"तोंड उघडं ठेवून?" ती म्हणाली.

 मी म्हणालो, "वंदीला आण घातलीस. मला पेलायचं न्हाई म्हणालीस."

"म्हणाले. खोटं न्हाई. पोरगी रडत सांगणार, तुमी तिच्या म्होरं कोसळणार, मग मी कुणाकुणाला धरायचं? म्हटलं, आपलं आपण सांगावं, आपल्या रीतीनं." तिनं जरा दम घेतला. "आनि पेललं का? बघा की. महिना झाला पेपरात तोंड घालून बसलाय."

 माझं तोंड हललं असेल, पण त्यातनं काही कळलं नसेल.

"आता मी पहिल्यापासनं सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात. "डॉक्टर काय म्हणाला, किती दिस म्हणाला, मला कशाचं भ्या वाटतंय, सगळं. एकदाच सांगतो. परत दम ऱ्हायाचा न्हाई. तोंड फिरवणार न्हाई न्हवं?"

"न्हाई."

ती बोलायला लागली. ती काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. ते मला सांगितलेलं आहे. दिवाळी तिला मिळाली नाही, एवढं सांगतो. आणि पुढचे जेवढे दिवस मिळाले, त्यात वंदी आम्हाला म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं काय बघत बसता, बोला की.

पण त्या दुपारचं अजून एक सांगायचं राहिलं. ती बोलत असताना माझ्या पाठीमागचा माग खाडकन बंद पडला. धोटा मधेच अडकला की असा आवाज होतो. सुताचे शेकडो धागे एकदम तुटतात. मागवाला कुठंही असो, जेवत असो, झोपेत असो, त्या आवाजाला त्याची मान फिरते. शेडमधल्या सगळ्यांच्या माना फिरल्या. रसूलभाई पान्हा घेऊन माझ्या अंगाला घासून पळाला. जन्मभर मी त्या आवाजाला वळत आलो होतो.

शालन बोलायची थांबली नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.